दोन्ही बाजू ऐकून

पिंक फ्लॉइड हा ब्रिटिश रॉक बँड ऐकणारी चार माणसं एकत्र आली की अर्ध्या तासाच्या आत प्रश्न निघतोच: यांचा सगळ्यांत चांगला अल्बम कुठला? एक जण 'द डार्क साइड ऑफ द मून' म्हणतो, आणि इतक्या खात्रीने म्हणतो की पुढे बोलायला जागाच उरू नये. दुसरा 'विश यू वेअर हिअर'चं नाव घेतो. तिसरा बराच वेळ गप्प असतो, मग 'ॲनिमल्स' म्हणतो आणि त्यानंतर थांबत नाही. चौथ्याच्या मते 'द वॉल'च्या तोडीचं काही झालंच नाही. तासाभराने पाहावं तर चौघंही आपापल्या जागी घट्ट.

हा वाद मला मनापासून आवडतो. एखाद्या कलाकृतीवर जीव असल्याशिवाय माणूस तिच्यासाठी तासभर भांडत नाही. पण या वादात एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो: चौघांनी जे ऐकलं, ते एकच होतं का?

बँडचा पहिलाच अल्बम घ्या. 'द पायपर ॲट द गेट्स ऑफ डॉन' १९६७च्या ऑगस्टमध्ये ब्रिटनमध्ये निघाला. त्याचं मोनो मिक्स, म्हणजे सगळे मुद्रित आवाज तोलून केलेली एकत्र जुळणी, वेगळं आणि स्टिरिओ वेगळं. आवाजांच्या जागा, प्रतिध्वनी, काही ठिकाणी गाण्यांचे शेवटसुद्धा वेगळे. त्याच वर्षी अमेरिकेत निघालेल्या आवृत्तीत 'ॲस्ट्रॉनॉमी डॉमिनी', 'फ्लेमिंग' आणि 'बाइक' ही गाणी नव्हतीच, आणि बँडचा तेव्हाचा गायक-गीतकार सिड बॅरेट याने रचलेला जो 'सी एमिली प्ले' ब्रिटनमध्ये फक्त सिंगल म्हणून आला होता, तो अल्बमच्या सुरुवातीला बसवलेला होता. म्हणजे नाव एक, मुखपृष्ठावरचे चेहरे तेच, पण दोन्हीकडच्या श्रोत्यांच्या हातातली वस्तू वेगळी. सिड बॅरेटचा काळच श्रेष्ठ मानणाऱ्या माणसाशी बोलताना म्हणूनच आधी विचारावं, तू कुठला 'पायपर' ऐकलास?

पुढच्या अल्बमांमध्ये गाणी बदलत नाहीत, पण ऐकण्याची चौकट बदलते. सीडी आल्यावर अल्बम सलग झाला. नंतर तो सुट्या गाण्यांची यादी झाला. मूळ वस्तू मात्र या दोन्हींपैकी काहीच नव्हती. ती दोन बाजूंची तबकडी होती. एका बाजूला वीस-बावीस मिनिटं, मग उठून ती उलटायची, मग पुन्हा वीस-बावीस मिनिटं. १९७१ ते १९७९ या काळातल्या फ्लॉइडच्या अल्बमांची रचना या मापावर बेतलेली आहे. माझं म्हणणं एवढंच की त्यांची तुलनाही याच मापाने व्हायला हवी. गाण्याला गाणं लावून किंवा अल्बमला अल्बम लावून हा वाद हलत नाही. बाजूला बाजू लावली की हलतो.

वीस-बावीस मिनिटं हे माप आलं तबकडीच्या अंगातूनच. बाजू जितकी लांब, तितकी चर, म्हणजे सुई जिच्यातून फिरते ती खाच, दाटीने कोरावी लागते, आणि खर्जाचा मोठा आवाज चरीला रुंद जागा मागतो. जागा कमी पडली की कोरणारा आवाजाची पातळी खाली घेतो, खर्ज आवरतो. पंचवीस मिनिटांच्या पुढे गेलेली बाजू बऱ्याचदा दबलेली वाटते, ती यामुळे. दुसरी अडचण आतल्या कडेची. तबकडी मिनिटाला सव्वातेहेतीसच्या किंचित वर, म्हणजे ३३⅓ फेरे घेते. हा वेग बदलत नाही, पण फेऱ्याचा घेर आत जाता जाता कमी होत जातो. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटीमीटर चर सरकते, आतल्या कडेला फक्त २१. तेवढ्याच संगीताला निम्म्याहूनही कमी जागा. त्यामुळे प्रत्येक बाजूचं शेवटचं गाणं तार सप्तकातली चमक थोडी गमावतं, आणि उंच, ताणलेला आवाज असेल तर तो फाटायला लागतो.

आता 'डार्क साइड'च्या पहिल्या बाजूचा शेवट आठवा. 'द ग्रेट गिग इन द स्काय'. क्लेअर टॉरीचा शब्दांवाचूनचा, टाहो फोडणारा गळा नेमका तिथे, आतल्या कडेला येऊन बसला आहे. पुष्कळ जणांना हे गाणं कर्कश वाटतं आणि ते गाण्याला किंवा गायिकेला दोष देतात. तो दोष बहुतेक वेळा सुईचा असतो. कार्ट्रिज, म्हणजे सुई धरणारा भाग, बसवताना कोनमापक पट्टीने दोन ठिकाणी, केंद्रापासून सुमारे ६६ आणि १२१ मिलिमीटरवर, सुई चरीला समांतर आहे ना हे पाहायचं. सुईचा दाब कार्ट्रिजच्या पत्रकात दिलेल्या पट्ट्यात ठेवायचा, आणि तोही अंदाजाने न ठेवता छोट्या काट्यावर मोजून. दाब कमी ठेवला की रेकॉर्ड जपली जाते ही समजूत उलटी आहे. हलकी सुई चरीत उडते, भिंतींवर आपटते, आणि झालेली इजा कायमची राहते. या गायिकेला त्या ध्वनिमुद्रणाचे ३० पौंड मिळाले होते. तिच्या नावाला रचनाकार म्हणून जागा मिळाली ती २००५ मध्ये, न्यायालयाबाहेर झालेल्या तडजोडीनंतर. तिचा गळा निदान नीट ऐकला जावा.

'डार्क साइड'च्या बाजूने बोलणारे पहिला पुरावा विक्रीचा देतात. अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत १९७३ ते १९८८ या काळात ७४१ आठवडे. आकडा थक्क करणारा आहे खरा. पण त्याच यादीत तो पहिल्या क्रमांकावर एकच आठवडा होता, आणि ब्रिटनमध्ये तेव्हा दुसऱ्या क्रमांकाच्या वर गेला नाही. 'द वॉल' अमेरिकेत पंधरा आठवडे पहिला होता. आकड्यांनी दोघांनाही जिंकता येतं, म्हणून आकडे बाजूला ठेवलेले बरे.

'डार्क साइड'चा खरा पुरावा वेगळा आहे. हा अल्बम स्टुडिओत जाण्याआधी रंगमंचावर तावूनसुलाखून निघाला होता. १९७२च्या जानेवारीत ब्रायटनमध्ये बँडने तो पहिल्यांदा सलग वाजवायला घेतला, आणि 'मनी' चालू असताना तांत्रिक बिघाडामुळे थांबावं लागलं. त्या वेळी 'ऑन द रन'च्या जागी गिटार आणि कीबोर्डची मोकळी वाजवणूक होती. 'ग्रेट गिग'च्या जागी ऑर्गन आणि त्यावर धर्मग्रंथातलं वाचन. म्हणजे आज ज्या दोन तुकड्यांशिवाय पहिली बाजू कल्पनेतही येत नाही, ते दोन्ही प्रेक्षकांसमोर वाजवून, कमी पडतात हे ध्यानात आल्यावर बदललेले आहेत. पुढे वर्षभर मैफली आणि ॲबी रोड स्टुडिओ असं आलटून पालटून काम चाललं. या अल्बमात कुठे झोल नाही, कारण झोल लोकांसमोर सापडले आणि काढले गेले.

त्यातलं काम किती बारकाईचं आहे हे 'मनी'च्या सुरुवातीला कळतं. नाणी, फाटणारा कागद, गल्ल्याचं यंत्र असे सात आवाज एकामागून एक येतात आणि त्यांचाच सात मात्रांचा ठेका होतो. तेव्हा हे करायला संगणक नव्हता. प्रत्येक आवाज वेगळा मुद्रित करायचा, टेपचा तो तुकडा पट्टीने मोजून कापायचा, साती तुकडे चिकटपट्टीने जोडून वर्तुळ करायचं आणि ते वर्तुळ यंत्रावर फिरवत ठेवायचं. टेप सेकंदाला ३८ सेंटीमीटरने फिरत असेल आणि मात्रा अर्ध्या सेकंदाची धरली, तर एक तुकडा १९ सेंटीमीटरचा, अख्खं वर्तुळ १३३ सेंटीमीटरचं. ते यंत्रावर मावत नाही. बाहेर काढून मायक्रोफोनच्या स्टँडला वळसा घालून ताणून धरावं लागतं. एखादा तुकडा एक सेंटीमीटरने आखूड कापला गेला, तर पुढचा आवाज सेकंदाच्या सुमारे अडतिसाव्या भागाने लवकर पडतो. ऐकायला हा वेळ नगण्य वाटतो, पण ठेका लंगडतो, आणि एकदा कानाला तो लंगडेपणा कळला की दुसरं काही ऐकू येत नाही. म्हणून पट्टी. गिटारचा एकल भाग सुरू होताना बँड सात मात्रा सोडून चारवर येतो, आणि त्या क्षणी छाती मोकळी झाल्यासारखी वाटते. ती मोकळीक त्या सात तुकड्यांनी आधी घट्ट बांधून ठेवल्यामुळे आहे.

तरीही माझ्या मते 'डार्क साइड'च्या दोन बाजूंमध्ये फरक आहे. पहिली बाजू एका श्वासात जाते. दुसरी 'मनी'ने दणक्यात सुरू होते, 'अस अँड देम'मध्ये पसरते आणि मग शेवटच्या दोन गाण्यांकडे वळते. तबकडीवर 'मनी' खटकत नाही, कारण 'ग्रेट गिग' विरल्यावर आपण उठलेलो असतो, तबकडी उलटवलेली असते, सुई खाली ठेवताना कान नव्याने कोरे झालेले असतात. सलग ऐकताना मात्र तो विलाप संपतो न संपतो तोच गल्ला वाजतो. 'मनी'मुळे अल्बमचा सूर मोडतो असं म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी अल्बम सलग ऐकलेला असतो. त्यांनी एकदा 'ग्रेट गिग'नंतर थांबून, दोन मिनिटं शांत बसून मग पुढे जाऊन पाहावं.

फोनवर ऐकणाऱ्यांनी वादात उतरण्याआधी चार गोष्टी तपासाव्यात. शफल बंद, हे उघड आहे. क्रॉसफेड, म्हणजे एक गाणं विरतानाच पुढचं चढवण्याची सोय, शून्यावर आणायचा, कारण इथे गाणी आधीच एकमेकांत मिसळलेली आहेत आणि ॲपने त्यावर आपली मिसळ चढवली की सांध्यावर दुहेरी चिखल होतो. गॅपलेस, म्हणजे दोन गाण्यांमध्ये खंड न पाडणं, चालू हवं. जुन्या एमपीथ्री फायलींमध्ये सांध्यावर जी उचकी लागते तिचं कारण असं की एमपीथ्री आवाज १,१५२ नमुन्यांच्या ठोकळ्यांतच साठवतं. शेवटचा ठोकळा अर्धा राहिला की उरलेली जागा शांततेने भरली जाते. एक ठोकळा सेकंदाच्या अडतिसाव्या भागाएवढा, पुन्हा तेच माप. 'ब्रेन डॅमेज'मधून 'इक्लिप्स'मध्ये शिरताना तेवढी शांतता पायऱ्या उतरताना एक पायरी चुकल्यासारखी वाटते. चौथी गोष्ट आवाज समान करणाऱ्या सोयीची. ही सोय प्रत्येक गाणं वेगळं मोजत असेल, तर 'स्पीक टू मी'चे दबके ठोके वर उचलले जातात, 'ब्रीद' खाली ओढलं जातं, आणि निक मेसनच्या ड्रमवर घडवलेल्या त्या हृदयाच्या ठोक्यांतून बँड उमलण्याची सगळी किमया सपाट होते. पर्याय असेल तर अख्ख्या अल्बमचं मोजमाप निवडावं, नाहीतर सोय बंदच करावी.

दोन आवृत्त्या किंवा दोन अल्बम शेजारी ठेवून तोलायचे असतील, तर पातळी जुळवणं सगळ्यांत महत्त्वाचं. एका डेसिबलचा फरक कानाला 'मोठा' म्हणून कळत नाही, तो 'जास्त स्वच्छ', 'जास्त जिवंत' म्हणून कळतो. नवं रीमास्टर, म्हणजे जुन्या मुद्रणाची नव्याने सुधारलेली आवृत्ती, ऐकून पडदा बाजूला झाल्यासारखं वाटणाऱ्यांपैकी किती जणांनी फक्त मोठा आवाज ऐकला असेल, देव जाणे. बसायच्या जागी फोनवरचं ध्वनिमापक ठेवावं, दोन्ही आवृत्त्यांतली तीच तीस सेकंदं लावावीत आणि सरासरी अर्ध्या डेसिबलच्या आत आणावी. वेगवेगळे अल्बम असतील तर दोन्हींतली भरलेली, सगळी वाद्यं वाजणारी मिनिटभराची जागा घ्यावी. आणि एका बैठकीत एकच अल्बम ऐकावा. थकलेल्या कानाला दुसरा नेहमीच बोचरा वाटतो.

आता मूळ वादाकडे. 'विश यू वेअर हिअर' आणि 'ॲनिमल्स' हे अल्बम एकमेकांविरुद्ध उभे केले जातात, पण ते एका निर्णयाची दोन अपत्यं आहेत, हे वादात क्वचितच येतं.

१९७४ मध्ये बँड मैफलीत तीन नव्या लांब रचना वाजवत होता. 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड', 'रेव्हिंग अँड ड्रूलिंग' आणि 'यू गॉट टू बी क्रेझी'. पुढच्या वर्षी ॲबी रोडमध्ये अल्बम करायला बसल्यावर गिटारवादक डेव्हिड गिल्मरचं म्हणणं सरळ होतं: 'शाइन ऑन' एका बाजूला, उरलेल्या दोन दुसऱ्या बाजूला. वाजवून पक्क्या झालेल्या रचना, अल्बम तयार. बासवादक आणि गीतकार रॉजर वॉटर्सचं म्हणणं उलट होतं. 'शाइन ऑन' मधून चिरायची, अर्धी सुरुवातीला आणि अर्धी शेवटी ठेवायची, बाकीच्या दोन्ही रचना वगळायच्या आणि मधल्या जागेत अनुपस्थितीबद्दलची नवी गाणी लिहायची. चौघांत मत पडलं आणि गिल्मर एकटा पडला.

गिल्मरचा अल्बम झाला असता तर तो दमदार झाला असता यात शंका नाही. पण 'वेलकम टू द मशीन', 'हॅव अ सिगार' आणि 'विश यू वेअर हिअर' ही तिन्ही गाणी त्या आराखड्यात बसत नव्हती. बाजूला सारलेल्या दोन रचना दोन वर्षांनी नवे शब्द आणि नवी नावं घेऊन 'डॉग्ज' आणि 'शीप' झाल्या. म्हणजे त्या एका मतदानातून दोन अल्बम निघाले, आणि चाहते पन्नास वर्षं त्या दोघांत झुंज लावत आहेत.

'ॲनिमल्स'ची बाजू घेणाऱ्यांबद्दल मला विशेष आदर आहे, कारण त्यांना कोरडा, कडू अल्बम आवडून घ्यावा लागतो. बँडने उत्तर लंडनमध्ये ब्रिटानिया रो इथे स्वतःचा स्टुडिओ उभारला, आणि १९७६ मध्ये हा अल्बम तिथेच झाला. ॲबी रोडमधली मऊ हवा त्यात नाही. पाच तुकडे, त्यांतले दोन 'पिग्ज ऑन द विंग'चे दीड-दीड मिनिटाचे, फक्त गिटार आणि गळा. त्यांच्या मधोमध सतरा मिनिटांचं 'डॉग्ज', अकरांहून जास्त मिनिटांचं 'पिग्ज' आणि दहांहून जास्त मिनिटांचं 'शीप'. 'डॉग्ज'च्या मध्यावर एका शब्दाचा प्रतिध्वनी उमटत राहतो, हळूहळू शब्दपण गमावतो, सिंथेसायझरमध्ये बुडतो आणि कुत्र्यांच्या भुंकण्यात जाऊन मिळतो. फ्लॉइडच्या कुठल्याही बाजूतली ही सगळ्यांत भेदक दोन-तीन मिनिटं आहेत. याच अल्बमात कीबोर्डवादक रिचर्ड राइटच्या नावावर पहिल्यांदा एकही रचना नाही, तरी 'शीप'च्या सुरुवातीचा त्याचा इलेक्ट्रिक पियानो काढून टाकला तर गाणं उभंच राहत नाही. नावं आणि हिशोब यांचं नातं या अल्बमात ताणलं गेलं. रॉयल्टीच्या मोजणीत दीड मिनिटाचे दोन तुकडे दोन गाणी ठरले, आणि गिल्मरच्या सहभागाचं सतरा मिनिटांचं 'डॉग्ज' एक. त्याने याबद्दलची नाराजी नंतर बोलून दाखवली आहे.

'ॲनिमल्स' ऐकून न आवडलेल्या माणसाला एवढंच विचारावं: कुठलं मिक्स? मूळ मिक्स गच्च आहे. बास आणि ड्रम एकमेकांत अडकलेले, झांजा मागे. ध्वनिमुद्रक जेम्स गथ्रीने २०१८ मध्ये केलेलं नवं मिक्स २०२२च्या सप्टेंबरमध्ये बाहेर आलं. त्यात मेसनचे ड्रम पुढे आले आहेत आणि 'पिग्ज'मधला बास बोटांनी शिवता येईल इतका मोकळा आहे. जुन्या चाहत्यांतल्या काहींना तो मोकळेपणा नको आहे. त्यांच्या मते ती कोंदट हवा हाच अल्बमचा विषय होता. दोन्ही म्हणणी मला पटतात, पण पहिल्यांदा ऐकणाऱ्याच्या हाती मी नवं मिक्स देईन. शिवाय एट-ट्रॅक टेपवर तिसरीच आवृत्ती होती. ती टेप वर्तुळात फिरते, शेवटातून पुन्हा सुरुवातीला येते, म्हणून 'पिग्ज ऑन द विंग'चे दोन तुकडे जोडायला स्नोई व्हाइटने एक गिटारचा भाग वाजवला. तबकडीवर तो नाही.

'द वॉल'चा न्याय बाजूंच्या मापाने करावा हे सगळ्यांत जास्त पटतं, कारण तो चार बाजूंचा आहे आणि बाजूंनीच तो घडवला. १९७९च्या नोव्हेंबरअखेर तो निघाला तेव्हा मुखपृष्ठाच्या आतल्या छापील शब्दांत 'व्हॉट शॅल वी डू नाउ' होतं, तबकडीवर नव्हतं. बाजू लांब झाली म्हणून ते काढून छोटं 'एम्प्टी स्पेसेस' घातलं गेलं, पण छपाई झालेली होती. 'हे यू' तिसऱ्या बाजूत नंतर यायचं होतं. सहनिर्माता बॉब एझ्रिनला ती बाजू ऐकताना रचना अडखळते आहे असं जाणवलं आणि गाणं उचलून बाजूच्या पहिल्या जागी आलं. तबकडी उलटवून सुई ठेवल्यावर भिंतीपलीकडून हाक यावी, ही 'द वॉल'मधली सगळ्यांत चांगली कल्पना इतक्या उशिरा सुचलेली आहे. तिसरी बाजू, 'हे यू' ते 'कम्फर्टेबली नम', कुठल्याही अल्बमसमोर ठेवावी. चौथीबद्दल मला तसं म्हणता येत नाही. तिथे नाटक पुढे जातं, संगीत त्याच्या मागे धावतं.

एका बाजूचाच निकाल लावायचा असेल, तर १९७१च्या 'मेडल'ची दुसरी बाजू माझ्या यादीत फार वर आहे. 'एकोज', साडेतेवीस मिनिटं, दुसरं काहीच नाही. राइटच्या पियानोचा एक उंच सूर फिरत्या लेस्ली स्पीकरमधून काढलेला. मधल्या अंधारात ऐकू येणाऱ्या पक्ष्यांच्या किंकाळ्या म्हणजे गिल्मरची गिटार आहे. गिटारचा सूर पायाने बदलणाऱ्या वा-वा पेडलची जोडणी उलटी केली की ते पेडल स्वतःच असं किंचाळतं. पण पहिल्या बाजूला काही गाणी फक्त गोड आहेत, आणि म्हणून अल्बम म्हणून 'मेडल' मागे पडतो. वॉटर्स बाहेर पडल्यानंतरच्या अल्बमांवर मी फार थांबणार नाही. 'द डिव्हिजन बेल'मध्ये रचनाकार म्हणून राइट परतला याचा आनंद आहे, गिटार सुंदर आहे, पण तो १९९४चा अल्बम आहे, सीडीच्या लांबीचा, आणि त्याला बाजूंची शिस्त राहिलेली नाही.

माझं मत 'विश यू वेअर हिअर'ला. गिल्मर आणि राइट या दोघांनीही हाच आपला आवडता असल्याचं सांगितलं आहे, पण त्यांच्या साक्षीची गरज पडू नये. दोन्ही बाजू एकमेकींशी बोलतात असा फ्लॉइडचा हा एकच अल्बम आहे. पहिली बाजू उघडते ती जवळजवळ चार मिनिटांच्या पसाऱ्याने. त्यात काचेच्या पेल्यांच्या कडा घासून काढलेले सूर आहेत, घरगुती वस्तूंवर संगीत करायच्या अर्धवट राहिलेल्या प्रयोगातून उरलेले. मग गिटारचे चार सूर येतात. एवढेच, पुन्हा पुन्हा. गळा ऐकू यायला आठ मिनिटांहून जास्त वेळ लागतो, आणि तोवर ज्याच्याबद्दल गाणं आहे तो माणूस खोलीत नाही हे कळलेलं असतं. दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीला चौघांपैकी कोणाचाच गळा नाही. 'हॅव अ सिगार' रॉय हार्परने गायलं आहे. अनुपस्थितीवरच्या अल्बमात गायकच बाहेरचा असावा, हे योजून केलेलं नव्हतं, वॉटर्सचा गळा बसला होता म्हणून झालं, पण त्याहून योग्य काही सुचलं नसतं. मग रेडिओवरून लांबून यावी तशी गिटार, आणि तिच्यासोबत वाजवायला बसलेल्या माणसाचा जवळून आलेला खोकला.

१९७५च्या जूनमध्ये हे काम चालू असताना, केव्हाच बँडबाहेर गेलेला सिड बॅरेट स्टुडिओत आला. डोकं आणि भुवया भादरलेला, अंगाने सुटलेला. ज्याच्यावर ते गाणं करत होते, त्याला सुरुवातीला कोणी ओळखलं नाही. ही हकीकत चाहत्यांना तोंडपाठ असते आणि वादात ती भावनिक हुकमाच्या पत्त्यासारखी टाकली जाते. मला ती बाजूला ठेवायची आहे. अल्बम तिच्याशिवायही पुरा आहे, कारण तबकडीतच त्याची खूण आहे.

ती 'शाइन ऑन'च्या नवव्या, शेवटच्या भागात. तो एकट्या राइटने रचला. शब्द संपलेले असतात, गिटार मागे सरलेली असते, संथ चालीवर कीबोर्ड तेवढे राहतात आणि आवाज मंदावत जातो. तबकडीवर ही जागा अगदी आतल्या कडेला आहे. सुईखाली चर सगळ्यांत हळू सरकते, संगीत सगळ्यांत मंद आणि चरीतली खरखर सगळ्यांत जवळ. शेवटच्या अर्ध्या मिनिटाला आवाज वाढवावा लागतो, नाहीतर ते निसटतं. सुई बाहेर सरकण्याच्या जरा आधी राइट सिंथेसायझरवर काही सूर घेतो, सहज हात गेल्यासारखे. ते 'सी एमिली प्ले'च्या चालीचे सूर आहेत.